ग्राफिक्स कार्डाची पॉवर केबल: कुठली घ्यायची, किती जोडायच्या, कितपत दाबायची

कॉम्प्युटर जोडायला बसलं की प्रोसेसर बसवताना सगळ्यांचे हात थरथरतात आणि ग्राफिक्स कार्डाची पॉवर केबल मात्र गप्पा मारता मारता खुपसली जाते. खरं तर व्हायला हवं उलटं. प्रोसेसर चुकीच्या बाजूने बसतच नाही. पॉवरची केबल मात्र दुसऱ्याच एसएमपीएसची (कॉम्प्युटरच्या भागांना वीज देणाऱ्या डब्याची) असली तरी बसते, पाऊण बसली तरी कार्ड चालू होतं, आणि दोन महिन्यांनी गेम ऐन रंगात आला असताना प्लास्टिक जळल्याचा वास येतो. केबल बसली म्हणजे ती जुळली असं नाही. या कामात सांभाळायचं ते मुख्यतः एवढंच.

आधी आकडे

मदरबोर्डवरच्या ज्या लांब खाचेत कार्ड बसतं, ती खाच स्वतः जास्तीत जास्त ७५ वॉट देते. जीटीएक्स १६५० किंवा आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं कार्ड तेवढ्यात भागवतं, म्हणून त्यांच्या बऱ्याच मॉडेलना वेगळी केबल लागतच नाही. त्याहून भुकेल्या कार्डांना थेट एसएमपीएसकडून वीज द्यावी लागते. ६ पिनचा कनेक्टर ७५ वॉटसाठी, ८ पिनचा १५० वॉटसाठी आणि नवा १६ पिनचा ६०० वॉटपर्यंत.

बेरीज सोपी आहे. आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीचं कार्ड १७० वॉट घेतं. खाचेचे ७५ आणि एका ८ पिनचे १५० मिळून २२५ होतात, म्हणजे एक केबल पुरते. आरएक्स ७८०० एक्सटी २६३ वॉटचं आहे, तिथे दोन ८ पिन येतात. आरटीएक्स ४०९० चे ४५० आणि ५०९० चे ५७५ वॉट १६ पिनमधून जातात.

आता एसएमपीएसकडे वळा. बाजूच्या स्टिकरवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला वॉटचा आकडा सोडून द्या आणि तक्त्यातला १२ व्होल्टचा रकाना वाचा. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही याच रकान्यावर जगतात. ६५० वॉटच्या चांगल्या एसएमपीएसवर तिथे ५४ अँपिअर लिहिलेलं असतं. १२ ने गुणा, ६४८ वॉट येतात. कॅबिनेटसोबत जवळजवळ फुकट आलेल्या डब्यावर '४५०' छापलेलं असलं तरी हा गुणाकार पुष्कळदा त्याच्या आसपासही जात नाही. शिवाय अशा डब्याला ८ पिनची केबलच नसेल, तर त्याचा अर्थ सरळ आहे: बनवणाऱ्यालाही तो ग्राफिक्स कार्डासाठी वाटलेला नाही. अॅडॉप्टर शोधत बसू नका, एसएमपीएस बदला.

अॅडॉप्टरवरून एक गोष्ट इथेच सांगून टाकू. हार्डडिस्कच्या साटा पॉवर कनेक्टरवरून ६ पिन किंवा ८ पिन काढून देणाऱ्या छोट्या केबल बाजारात सर्रास मिळतात. साटा कनेक्टरला १२ व्होल्टच्या तीन बारीक पिना असतात, प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर. एकूण साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॉट. त्यातून ७५ किंवा १५० वॉट ओढायला लावणं म्हणजे कनेक्टर वितळवण्याची सोय आपल्याच हाताने करणं.

केबल ओळखणं

एसएमपीएसमधून ८ पिनच्या दोन जातीच्या केबल निघतात आणि दोन्ही काळ्या असतात. एक प्रोसेसरची, मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात जाणारी. दुसरी ग्राफिक्स कार्डाची. फरक तोंडाकडे नीट पाहिलं की दिसतो. प्रोसेसरचा कनेक्टर मधोमध चिरलेला असतो, चार अधिक चार. कार्डाचा सहा अधिक दोन असा तुटतो. बहुतेक कनेक्टरवर 'सीपीयू' (प्रोसेसर) किंवा 'पीसीआयई' (ग्राफिक्स कार्ड) असं कोरलेलंही असतं, टॉर्च मारून वाचा.

आतली मांडणी या दोघांत उलटी असते. तारा रंगीत असतील तर पाहा: प्रोसेसरच्या केबलमध्ये पिवळ्या, म्हणजे १२ व्होल्टच्या चार तारा खटक्याच्या बाजूला येतात. कार्डाच्या केबलमध्ये पिवळ्या तीनच, त्याही खटक्याच्या विरुद्ध ओळीत, आणि उरलेल्या पाच काळ्या, म्हणजे ग्राउंडच्या (वीज परत नेणाऱ्या). पिनांच्या घरांचे आकार म्हणूनच वेगळे ठेवलेत, काही चौकोनी तर काही कोपरे कापलेली. चुकीची केबल सहज आत जात नाही. पण प्लास्टिक मऊ असतं आणि माणूस हट्टी. जोर लावून घुसवली तर १२ व्होल्ट थेट ग्राउंडला भिडतात. एसएमपीएस चांगला असेल तर तो स्वतःला बंद करून घेतो, नसेल तर कार्ड जातं. कनेक्टर बसताना घट्ट लागेल, पण तिरका होऊन अडणार नाही. अडला की हात थांबवा आणि पुन्हा पाहा.

मॉड्युलर एसएमपीएसमध्ये, म्हणजे ज्याच्या केबल दोन्ही टोकांनी सुटतात त्यात, आणखी एक सापळा आहे. कार्डाकडच्या टोकाची रचना प्रमाणित आहे. एसएमपीएसकडच्या टोकाची नाही. प्रत्येक कंपनी, काही वेळा एकाच कंपनीची दोन मॉडेल, त्या बाजूच्या पिना आपल्या मनाने लावतात. जुना एसएमपीएस काढला, नवा घातला आणि "केबल तशाच आहेत की, राहू देत" म्हणून जुन्याच ठेवल्या, तर एसएमपीएसच्या खाचेत त्या व्यवस्थित बसू शकतात आणि ग्राउंडच्या जागी १२ व्होल्ट पाठवू शकतात. एसएमपीएस बदलला की केबलही त्याच्याच. सेकंडहँड घेताना केबलच्या पिशवीसकट घ्या. नुसता डबा स्वस्तात मिळत असेल तर केबल हुडकण्यात ती बचत संपते.

टोकंही उलटी लावू नका. सहा अधिक दोनचं तुटणारं टोक कार्डाकडे, अखंड टोक एसएमपीएसकडे.

एक केबल की दोन?

बऱ्याच केबलला शेवटी शेपटी असते: एकाच केबलवर एकापुढे एक असे दोन ८ पिन. दोन ८ पिनच्या कार्डाला अशी एकच केबल लावून काम उरकायचा मोह होतो. दिसायलाही नीटनेटकं दिसतं.

आरएक्स ७८०० एक्सटीचंच गणित मांडू. २६३ पैकी थोडे वॉट खाचेतून आले आणि २१६ केबलमधून गेले असं धरलं, तर १८ अँपिअर होतात. एकाच केबलच्या तीन तारांवर ते वाटले की प्रत्येकीवर ६. दोन वेगळ्या केबल लावल्या की प्रत्येक तारेवर ३. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून प्रवाह निम्मा झाला की त्या तारेतली आणि तिच्या पिनेतली उष्णता पावपट होते. ६ अँपिअरने १६ गेजची चांगली तार काही जळत नाही. पण स्वस्त केबलमध्ये १८ गेज किंवा त्याहून बारीक तार असते (गेजचा आकडा मोठा म्हणजे तार बारीक, इथे लोक हमखास उलटं समजतात) आणि एसएमपीएसकडच्या एकाच कनेक्टरवर सगळा भार येतो. साधारण २२५ वॉटपर्यंतच्या कार्डाला शेपटी चालेल. त्यापुढे प्रत्येक ८ पिनला स्वतंत्र केबल. तीन ८ पिनचं कार्ड असेल आणि केबल दोनच असतील, तर कमीत कमी एक पूर्ण वेगळी आणि दुसरीची शेपटी, ही तडजोड. तिला पर्याय असेल तर टाळाच.

जोडणी

१. विंडोज बंद करा, एसएमपीएसच्या मागचं बटण शून्यावर आणा, प्लग भिंतीतून काढा. मग कॅबिनेटचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, आत साठलेला चार्ज उतरतो. पंखा क्षणभर थरथरला तर दचकू नका.

२. काच किंवा पत्रा काढून कॅबिनेट आडवं झोपवा. उभ्या कॅबिनेटमध्ये कार्ड लोंबकळत धरून केबल लावणं ही कसरत आहे. कार्डाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला, स्क्रूला वगैरे, बोट लावा. हिवाळ्यात, कोरड्या हवेच्या गावात, हे विसरू नका.

३. एसएमपीएस मॉड्युलर असेल तर केबलचं त्याच्याकडचं टोक आधी लावा, खटका लागेपर्यंत. 'पीसीआयई' किंवा 'व्हीजीए' लिहिलेली खाच. काही एसएमपीएसवर सीपीयू आणि पीसीआयई दोन्हींना एकच खाच चालते आणि तिच्यावर तसं लिहिलेलं असतं. नसेल लिहिलेलं तर चालत नाही. कार्ड बसल्यावर एसएमपीएसपर्यंत हात पोचत नाही, म्हणून हा क्रम.

४. केबल कार्डाजवळच्या भोकातून बाहेर काढून ठेवा, हातभर सैल.

५. कार्ड सगळ्यात वरच्या लांब खाचेत सरळ दाबा. खाचेच्या टोकाचा खटका वाजतो. मागचे दोन स्क्रू आवळा. कार्ड जड असेल तर खालून टेकू द्या.

६. आता ८ पिन. सहाचा तुकडा आणि दोनचा तुकडा हे दोन वेगळे कनेक्टर समजून एकामागून एक घुसवू नका. दोनच्या तुकड्याला एक बारीक कडा असते, ती सहाच्या तुकड्याच्या खोबणीत सरकवा. दोघांची तोंडं एका पातळीत आली की अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत घट्ट धरून एकच कनेक्टर असल्यासारखं आत दाबा. असं केलं नाही तर सहा आत जातात, दोनचा तुकडा दोन मिलिमीटर बाहेर राहतो आणि वरून पाहिलं तर सगळं ठीक दिसतं. कार्डाच्या खाचेवर जिकडे खटक्याची नाकी आहे, केबलचा खटका तिकडेच. कार्डामागे डाव्या हाताचा आधार द्या, नाहीतर सगळा जोर मदरबोर्डच्या खाचेवर येतो.

७. 'टक्' ऐकू आला तरी पुरेसं नाही. नखाने खटका चाचपा, तो नाकीच्या पलीकडे उतरलेला असला पाहिजे. मग केबलची टोपी धरून हलकेच मागे ओढा. तारा धरून नव्हे, तारांना धरून ओढलं की आतल्या पिना मागे सरकतात.

८ पिनच्या खाचेत ६ पिनची केबल बसते, हे लक्षात असू द्या. पण त्या जास्तीच्या दोन पिनांपैकी एकीवरूनच कार्डाला कळतं की समोर १५० वॉटची केबल आहे. ती नसली की कार्ड सुरू व्हायला नकार देतं. ते बिघडलेलं नसतं, शहाणं असतं.

१६ पिनची वेगळी तऱ्हा

इथे जरा थांबून समजून घ्यावं लागतं, कारण बातम्यांतली जळालेली कार्डं बहुतेक या कनेक्टरची आहेत. १२ मोठ्या पिना, त्यांतल्या सहा १२ व्होल्टच्या आणि सहा ग्राउंडच्या, शिवाय वर चार केसाएवढ्या बारीक पिना, त्यांतल्या दोन एसएमपीएस किती वॉट देऊ शकतो हे कार्डाला सांगणाऱ्या. ६०० वॉट भागिले १२ व्होल्ट म्हणजे ५० अँपिअर, सहा पिनांत वाटले तर प्रत्येकीवर ८.३. आणि पिनेची क्षमता ९.५. जुन्या ८ पिनमध्ये १५० वॉटला प्रत्येक पिनेवर जेमतेम ४.२ अँपिअर येतात आणि पिना त्याच्या जवळपास दुप्पट सहज सोसतात. म्हणून जुना कनेक्टर ढिलाई माफ करतो, नवा करत नाही.

पिन नीट टेकली नाही तर काय होतं ते आकड्यांत पाहा. चांगल्या स्पर्शाचा रोध समजा ५ मिलिओहम. ८.३ अँपिअरला तिथे साधारण एक तृतीयांश वॉट उष्णता होते. तोच रोध ढिल्या स्पर्शामुळे ५० मिलिओहम झाला की जवळपास साडेतीन वॉट, तेही तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत. त्यात एक पिन ढिली झाली की तिच्या वाट्याचा प्रवाह बाकीच्या पाच जणींवर जातो. फेब्रुवारी २०२५ मध्ये आरटीएक्स ५०९० वर झालेल्या एका मोजणीत एकाच तारेतून २० अँपिअरहून जास्त प्रवाह जाताना दिसला होता. सहाही तारा कार्डावर पोचताच एकत्र होतात, त्यामुळे अशा कार्डाला ही असमान वाटणी कळतच नाही.

२०२२ मधला मूळ कनेक्टर आणि २०२३ ची सुधारलेली आवृत्ती दिसायला सारखेच. सुधारलेल्या खाचेवर 'एच' पुढे दोन अधिक चिन्हं असतात, जुन्यावर एकच. नव्यात बारीक पिना दीड मिलिमीटर आखूड केल्या आणि मोठ्या पाव मिलिमीटर लांब. त्यामुळे कनेक्टर अर्धवट असेल तर बारीक पिना आधी सुटतात आणि कार्ड चालूच होत नाही. जुनी केबल नव्या खाचेत चालते.

लावताना शक्य असेल तर कार्ड कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी टेबलावरच केबल लावा. तिथे जोर देता येतो आणि चारही बाजूंनी दिसतं. दोन्ही टोकांच्या मधोमध सरळ दाबा, डावीउजवीकडे हेलकावे देऊ नका. हा कनेक्टर 'टक्' करेलच असं नाही, म्हणून डोळ्यांवर विसंबा: टॉर्च आडवा धरा, केबलची टोपी आणि खाच यांच्यात प्रकाशाची रेघ दिसायला नको. एमएसआय कंपनीने आपल्या केबलचं टोक पिवळं केलं ते याचसाठी, पिवळं दिसतंय तोवर दाबत राहायचं.

कनेक्टरपासून पहिले ३५ मिलिमीटर केबल वाकवू नका. कॅबिनेटच्या काचेला केबल टेकत असेल तर काच दाबून बसवण्याऐवजी कॅबिनेट बदलण्याचा किंवा कार्ड उभं लावण्याचा विचार करा. काटकोनाच्या जोडपट्ट्या आकर्षक वाटतात, पण त्यात स्पर्शाची आणखी एक जागा वाढते. आणि कौतुकाने पुन्हा पुन्हा काढून पाहू नका: हा कनेक्टर साधारण ३० वेळा काढण्या-घालण्यासाठीच बनवलेला आहे.

एसएमपीएस जुना असेल आणि कार्डासोबत आलेलं चार ८ पिनचं अॅडॉप्टर वापरायचं असेल, तर चारही टोकांना चार स्वतंत्र केबल लावा. इथे शेपटी नको.

पहिला स्टार्ट

मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टला लावा, मदरबोर्डच्या नव्हे. दुकानात परत आणलेल्या 'बंद' कार्डांची ही फार जुनी गोष्ट आहे.

पंखे फिरले आणि पडद्यावर कार्डाची पॉवर केबल जोडा अशी इंग्रजी सूचना आली, किंवा कार्डावर कनेक्टरशेजारचा छोटा दिवा पेटला, तर एखादी केबल राहिली आहे किंवा अर्धवट आहे. बंद करून, प्लग काढून, पुन्हा दाबा. चालू मशीनवर केबल दाबून पाहू नका.

सगळं सुरू झालं की एचडब्ल्यूइन्फो (व्होल्ट, तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून फरमार्क किंवा ओसीसीटी या कार्डाला मुद्दाम राबवणाऱ्या सॉफ्टवेअरचा भार वीस मिनिटं द्या. कार्डाच्या १२ व्होल्टचा आकडा ११.४ च्या खाली जाऊ नये. रिकामं असताना १२.१ आणि भाराखाली ११.९ हे ठीक. भार देताच ११.५ पर्यंत घसरला तर कुठेतरी स्पर्श ढिला आहे किंवा एसएमपीएस दमलाय. वीस मिनिटांनी केबल कनेक्टरजवळ बोटाने चाचपा. कोमट चालेल. बोट ठेवता येत नसेल तर लगेच बंद करा.

गेममध्ये मशीन एकदम रिस्टार्ट होत असेल, तापमान मात्र ठीक असेल, तर एसएमपीएसवर संशय घ्या. कार्ड काही मायक्रोसेकंदांपुरता आपल्या वॉटच्या दुप्पट झटका मारतं. एटीएक्स ३.० प्रमाणाचे एसएमपीएस तो झटका सोसायलाच बनवलेले असतात, जुने त्याला शॉर्ट सर्किट समजून बंद होतात. केबल वेगळ्या केल्या की हा त्रास कधीकधी कमी होतो.

आपल्याकडचे दोन मुद्दे उरतात. घरोघरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॉट देतो. २६३ वॉटचं कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून ते सहज ओलांडतात. लाइट गेली की यूपीएस टीं करून झोपतो आणि लोक कार्डाला दोष देतात. दुसरा अर्थिंगचा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर सॉकेटला अर्थिंग नाही; एसएमपीएसच्या फिल्टरमधून गळणारी थोडी वीज जायला वाट शोधते. अशा मशीनला चालू टीव्हीची एचडीएमआय केबल लावताना ठिणगी पडून कार्डाचा पोर्ट जाऊ शकतो. थ्री-पिनचा मधला पाय कापून काम भागवलेलं असेल तर आधी वायरमनला बोलवा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन जुनं कार्ड घेताय? सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डं राबवून ते चलन कमावणं) बंद झालं तेव्हा वर्षानुवर्षं अहोरात्र राबलेली कार्डं बाजारात आली आणि ती अजून हातोहात फिरतायत. पंख्यापेक्षा आधी पॉवरच्या खाचेत टॉर्च मारा. प्लास्टिक तपकिरी झालंय का, एखादी पिन इतरांपेक्षा काळवंडली आहे का, कोकणातून आलेलं असेल तर हिरवा गंज चढला आहे का, ते पाहा. यांतलं काहीही दिसलं तर भावात घासाघीस करू नका, दुसरं कार्ड बघा.